गिरणीच्या सुताचा क्रोशाचा गोल रुमाल वाटीसारखा वळतोय – पदर, सुई आणि वाढीचा हिशोब सांगा

सूतगुंडी_सोलापूर

नमस्कार मंडळी. टॉवेलच्या कारखान्यातून उरलेला पांढऱ्या सुताचा एक किलोचा अख्खा कोन (शंकूच्या आकाराची गुंडी) आणि थोडं लाल सूत मिळालंय. कोनाच्या आतल्या कागदावर २/२० लिहिलंय. त्यातून तीन गोष्टी करायच्या आहेत:

भाकरीच्या दुरडीवर टाकायला ३० सेंटीमीटरचा गोल रुमाल. गरम कढई-पातेलं धरायला जाड चौकोनी फडकी, दोन तरी. आणि पुढच्या महिन्यात बारसं आहे, त्यासाठी टोपरं.

रुमाल सुरू केलाय. सूत चार पदरी (चार धागे एकत्र) घेतलं, क्रोशाची सुई २.५ मिमी, सगळे खांब (उंच टाके). पहिल्या फेरीत १२ खांब आणि पुढे दर फेरीला १२ वाढवायचे, असं धरून चालले आहे. पाचव्या फेरीपर्यंत ठीक वाटलं, पण आठवी संपली तेव्हा कडा वर उचलून वाटी झाली. मोजले तर आठव्या फेरीत ८९ खांब भरतात. घट्ट विणतेय म्हणून असं होतंय का? सुई मोठी घ्यावी का?

आणि एक, लाल सुताची कड लावायची आहे. रंग जाईल का? मीठ-व्हिनेगरात भिजवून पक्का होतो का?

मागकरी

सुताचं आधी सांगतो, रुमालाचं इथल्या ताया सांगतील.

२/२० म्हणजे २० काउंटच्या (काउंट म्हणजे बारीकपणाचा आकडा, जितका मोठा तितकं सूत बारीक) दोन धाग्यांना पीळ देऊन केलेलं दोन पदरी सूत. जाडीला ते १० काउंटच्या एका धाग्याइतकं भरतं. याची लांबी ग्रॅमला १७ मीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या किलोभर कोनात साधारण १७ किलोमीटर सूत आहे. कागदावर विसंबायचं नसेल तर १०० मीटर मोजून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, ६ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. ३ ग्रॅम आलं तर ते एकेरी २० आहे, मग पदर दुप्पट घ्यावे लागतील.

विणायला किती पदर घ्यायचे त्याचा अंदाज:

३ पदर – बाजारातल्या बारीक क्रोशाच्या दोऱ्याच्या जवळ, सुई १.५ ते १.७५ मिमी.
४ पदर – १०० ग्रॅमला सुमारे ४२० मीटर, सुई २.५ मिमी. रुमाल आणि टोपऱ्याला योग्य.
८ पदर – १०० ग्रॅमला सुमारे २१० मीटर, सुई ४ मिमी. फडक्यांना.

चार पदर एका कोनातून एकदम निघत नाहीत. काट्यावर तोलून सारख्या वजनाच्या चार गुंड्या करा आणि चारही वेगवेगळ्या वाडग्यांत ठेवा. एका पातेल्यात टाकल्या तर वीस मिनिटांत गुंता होतो. विणताना एखादा पदर सैल सुटून कडेला फास दिसायला लागला, तर ती गुंडी इतरांपेक्षा सहज सुटतेय असं समजा. दर दोन-तीन फेऱ्यांनी चारही धागे बोटांत धरून खाली ओढून सारखे करा.

आता महत्त्वाचं. कारखान्यातलं उरलेलं सूत दोन ठिकाणचं असू शकतं. कोनावरचं सूत बहुधा बिनखळीचं असतं, पण बीमवरून (मागावरच्या मोठ्या रुळावरून) उतरलेल्या ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) सुताला खळ असते. ते बोटांत चोळलं तर कडक लागतं आणि पांढरी भुकटी येते. खात्री करायची असेल तर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिठाची खळ आहे. गरम पाण्यात साबण घालून दोन-तीनदा खंगाळून काढा, नाहीतर सुई अडखळते आणि टाके एकसारखे बसत नाहीत.

दुसरी तपासणी फडक्यांसाठी करायलाच हवी. वीतभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटावर पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि राख बोटानं चुरडली जाते. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर धागा आधी आकसतो आणि टोकाला काळा टणक मणी उरतो. असलं सूत रुमालाला चालेल, गरम भांडं धरायला अजिबात नको.

निळीसुई

ताई, सुई मोठी घेऊ नका, आणि तुम्ही घट्टही विणत नाही. ८९ हा आकडाच चूक कुठे आहे ते दाखवतोय.

दर फेरीला १२ वाढले असते तर आठव्या फेरीत ९६ यायला हवे होते. तुमचे ८९, म्हणजे बरोबर ७ कमी. पहिली फेरी १२ ची बरोबर आहे आणि पुढच्या सातही फेऱ्यांत एकेक वाढ गळली: १२, २३, ३४, ४५, ५६, ६७, ७८, ८९. इतकी नेमकी घट असते तेव्हा चूक दर वेळी त्याच जागी होत असते, आणि ती जागा म्हणजे फेरीची सुरुवात.

फेरी सुरू करताना आपण ३ साखळ्या (सुईनं ओढलेले साधे फास) घालतो. त्या साखळ्या हाच पहिला खांब. त्या ज्या घरातून (खालच्या फेरीतल्या टाक्याच्या डोक्यातून) उभ्या राहिल्या, त्याच घरात आणखी एक खांब घातला की तिथली वाढ पूर्ण होते. बहुतेकींचा हात मात्र साखळ्या झाल्या की सरळ पुढच्या घरात जातो, कारण पायथ्याचं घर साखळ्यांच्या मागे दबलेलं असतं आणि दिसत नाही. काम थोडं डावीकडे कलतं करून बघा. साखळ्यांच्या मुळाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखं घर अर्धं झाकलेलं दिसेल. सुई त्यात घाला.

फेरीच्या शेवटीही असाच घोटाळा होतो. जोड देताना स्लिप स्टिच (नुसता जोडणारा, उंची नसलेला टाका) सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत, म्हणजे सर्वांत वरच्या साखळीत घालायची. दुसरीत घातली तर जोडावर भोक पडतं. खांबाच्या डोक्यावर घातली तर पुढच्या फेरीत एक घर कमी-जास्त होतं. पहिल्या खांबाला आणि तिसऱ्या साखळीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, चूक राहणार नाही.

आता हे दुरुस्त केलं की रुमाल सपाट बसेलच असं नाही. १२ हा आकडा देवानं दिलेला नाही. फेरी एका खांबाच्या उंचीनं बाहेर सरकली की परीघ त्या उंचीच्या ६.२८ पट वाढतो, आणि ती वाढीव जागा भरायला किती खांब लागतील ते तुमच्या खांबाच्या रुंदीवर ठरतं. खांब रुंदीच्या दुप्पट उंच असला तर साडेबारा येतात, म्हणून सगळीकडे १२ लिहिलेलं असतं. मुका खांब (बुटका टाका) उंचीला आणि रुंदीला जवळजवळ सारखा, म्हणून त्याला ६. पण प्रत्येकीचा हात वेगळा. खांब उंच ओढणारीचा रुमाल वाटी होतो, बुटका घालणारीचा झालरीसारखा लाटा मारतो, आणि दोघींनी कृती एकच वापरलेली असते.

म्हणून एक चौकोनी नमुना विणा, १३-१४ सेंटीमीटरचा. ओला करून, वाळवून, मधल्या १० सेंटीमीटरमध्ये खांब मोजा आणि ओळी मोजा. खांबांना ६.२८ नं गुणा, ओळींनी भागा. येईल तो आकडा तुमची दर फेरीची वाढ. इथे लिहा, बघू या.

सूतगुंडी_सोलापूर

मोजलं. १० सेंटीमीटरमध्ये २५ खांब, १२ ओळी. आणि हो, साखळ्यांच्या पायथ्याच्या घरात मी काहीच घालत नव्हते. म्हणजे १३ येतात?

निळीसुई

हो, १३. तुम्ही प्रत्यक्षात ११ वाढवत होता, म्हणून पाचव्या-सहाव्या फेरीनंतर वाटी दिसायला लागली. सुरुवातीला फरक दोन-चार खांबांचा असतो, तो सूत ताणून खपवून घेतं.

१३ च्या वाढी सहा भागांत वाटता येत नाहीत, मोजदाद किचकट होते. त्यापेक्षा १२ च धरा आणि तीन फेऱ्यांत सहा-सहा जास्त घाला. तुमची ओळ ८.३ मिमीची, म्हणजे १८ फेऱ्यांत १५ सेंटीमीटर त्रिज्या, ३० सेंटीमीटरचा रुमाल पुरा. असं करा:

फेरी १ ते ५: १२, २४, ३६, ४८, ६०.
फेरी ६: दर १० घरांत ३ वाढी. ७८ खांब.
फेरी ७: एकदा ५ खांब आणि वाढ, एकदा ६ खांब आणि वाढ, असं आलटून-पालटून. ९०.
फेरी ८ ते १०: दर फेरीला १२ वाढी. शेवटी १२६.
फेरी ११: ६ खांब आणि वाढ, हे १८ वेळा. १४४.
फेरी १२ ते १५: १२-१२ वाढी. शेवटी १९२.
फेरी १६: दर ३२ घरांत ३ वाढी. २१०.
फेरी १७ आणि १८: २२२, २३४.

वाढ म्हणजे एका घरात दोन खांब. वाढी एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर गोल न होता बारा कोपरे दिसतात. एका फेरीत वाढ तुकड्याच्या शेवटी घातली तर पुढच्या फेरीत तुकड्याच्या मधोमध घाला. सूत २५ ग्रॅमपेक्षा जास्त लागणार नाही.

तुमच्या झालेल्या आठ फेऱ्या वाचवायचा प्रयत्न करू नका. पहिल्या फेरीपर्यंत उसवा. सातच्या सात वाढी एका फेरीत कोंबल्या तर मधे घडी पडते आणि ती इस्त्रीनंही जात नाही.

यूट्यूबवर बघून करत असाल तर एक ध्यानात ठेवा. अमेरिकन बाई सिंगल क्रोशे म्हणते तो आपला मुका खांब आणि डबल क्रोशे म्हणते तो खांब. ब्रिटिश पद्धतीत मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात आणि खांबाला ट्रेबल. सुरुवातीला कुठली पद्धत आहे ते बघितलं नाही तर मापं पार बिघडतात.

पदर_काठ

भाकरीच्या दुरडीवर टाकणार असाल तर कच्चं सूत तसंच विणू नका. कापसावर मुळातला मेणचट थर असतो. तो गेला नाही तर पाण्याचा थेंब सुतावर मोत्यासारखा उभा राहतो. मग भाकरीची वाफ रुमालात शिरत नाही, उलटून भाकरीवर येते आणि वरची भाकरी ओली होते. तुमचं सूत पिवळसर-क्रीम दिसत असेल तर ते बहुतेक कच्चं आहे. शुभ्र पांढरं असेल तर ब्लीच केलेलं असेल. तरी थेंब टाकून बघा. लगेच शोषला तर पुढचं काही करायला नको.

नाही शोषला तर विणायच्या आधी लडी (सुताचं मोठं सैल वेटोळं) करून उकळा. दोन खुर्च्यांच्या पाठी एकमेकींकडे करून त्यांभोवती सूत गुंडाळा आणि चार ठिकाणी दुसऱ्या दोऱ्यानं सैल आठचा आकडा घालून बांधा. घट्ट बांधलं तर गाठीखालचं सूत कच्चंच राहतं. १०० ग्रॅम सुताला तीन लिटर पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि चमचाभर साबणाची पावडर. तासभर मंद उकळा. पाणी चहासारखं पिवळं होतं, ते कापसातलंच असतं, घाबरू नका. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्यानं काळं पडतं आणि खराब होतं. नंतर दोन-तीन पाण्यांतून काढा, लडी झटकून सावलीत टांगा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन-तीन तासांत वाळते.

लाल सुताचं: मीठ आणि व्हिनेगर यांनी आधीच रंगवलेल्या कापसाचा रंग पक्का होत नाही. रंग पक्का आहे की नाही ते रंगवतानाच ठरलेलं असतं. आपल्या हातात आहे ते वरवरचा सुटा रंग धुऊन काढणं. लाल लडी गरम पाण्यात साबण घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग ओली असतानाच पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फडक्यावर गुलाबी डाग दिसला तर ते सूत पांढऱ्याजवळ आणू नका. रुमाल ओला झाला की कड पांढऱ्यात उतरणार, आणि भाकरीच्या वाफेनं तर तो ओला होणारच. तिथे रंगीत कड हवीच असेल तर नवी पेठेतून पक्क्या रंगाच्या क्रोशाच्या दोऱ्याची एक गुंडी आणा. ती आणल्यावरही फडक्याची हीच परीक्षा घ्या.

रुमाल झाला की ओला करून सपाट वाळवा. कागदावर कंपासनं १५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ पेन्सिलनं काढा, पेननं नको, शाई उतरते. त्याचे ३० अंशांचे बारा भाग करा, वर प्लॅस्टिक घाला आणि कड त्या खुणांवर टाचण्यांनी ताणा. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात, गंजाचा डाग सुतातून जात नाही. दुरडीच्या रुमालाला खळ देऊ नका. शोभेच्या रुमालाला साबुदाण्याची पातळ खळ चालते, पण ठेवणीत टाकण्यापूर्वी धुऊन टाका. खळीवर झुरळं येतात आणि पावसाळ्यात बुरशी.

चौकट

फडक्यांसाठी खांब नको, मुके खांब. खांबांच्या मधल्या फटीतून चटका थेट बोटाला लागतो. आणि एकेरी नको, दुहेरी. दोन चौकोन विणून शिवण्यापेक्षा ही पद्धत सोपी, कारण शिवण एकच येते:

८ पदरी सूत, ४ मिमी सुई. साधारण १६ मुके खांब म्हणजे १० सेंटीमीटर.

४० साखळ्या घाला. त्यावर एका बाजूनं ४० मुके खांब. टोकाला पोचलात की वळवू नका, साखळीच्या दुसऱ्या बाजूनं परत ४० मुके खांब. आता ८० चं बंद वेटोळं झालं, तळाशी मिटलेल्या पिशवीसारखं. इथून न वाढवता, न घटवता, जोड न देता गोल-गोल मुके खांब विणत राहा. फेरीची सुरुवात रंगीत दोऱ्यानं खुणावा. सात-आठ फेऱ्यांनंतर पिशवीचे तळाचे दोन्ही कोपरे आपोआप आत वळायला लागतात. साडेबारा सेंटीमीटर उंची झाली, म्हणजे २२-२३ फेऱ्या, की ते कोपरे वर आणून तोंड तिरकं मिटवा. दोन्ही कडा एकमेकींना बरोबर भिडल्या तर थांबा. भिडत नसतील तर आणखी एक फेरी. मोठ्या नाकाच्या सुईनं त्या कडा शिवून टाका. शिवण एका बाजूवर कर्णासारखी तिरकी दिसते. १८ सेंटीमीटरचा दुहेरी चौकोन तयार. एकाला ४० ग्रॅमच्या आसपास सूत लागतं.

चौकोन तिरपा किंवा लांबट आला तर उंची कमी-जास्त झालेली असते. नियम असा की उंची साखळीच्या लांबीच्या निम्मी, आणि तयार चौकोनाची बाजू साखळीच्या लांबीच्या ०.७ पट. कुठलंही माप यावरून काढता येतं.

एका कोपऱ्यावर १५ साखळ्यांचा फास ठेवा, खिळ्याला अडकवायला. आणि फडकं ओलं असताना गरम भांडं कधीच धरू नका. पाण्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते, कोरड्यापेक्षा किती तरी लवकर.

दोरा_दुपटं

टोपऱ्याचं. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला ३८ सेंटीमीटर घेर धरा. नवजात बाळाचं डोकं ३४-३५ सेंटीमीटरचं असतं, पण अगदी तेवढंच केलं तर महिन्याभरात लहान होतं.

चार पदर, २.५ मिमी सुई, ताईंचंच माप, फक्त टोपऱ्याला दर फेरीला सरळ १२ वाढी: ८ फेऱ्या, म्हणजे ९६ खांब. इथे थोडं वळलं तर उलट चांगलं, डोकं सपाट नसतं. त्यानंतर वाढ बंद, ९६ वरच ९ फेऱ्या. शेवटी मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या, त्या दोन फेऱ्यांना सुई २ मिमी घ्या, कड पसरत नाही.

सूत उकळून, धुऊन मऊ केलेलंच घ्या. धाग्यांची टोकं आतल्या बाजूला दोन्ही दिशांनी तीन-तीन सेंटीमीटर ओवून मगच कापा. मणी, टिकल्या, लटकते गोंडे लावू नका, ते तोंडात जातात. हनुवटीखाली बंद लावूच नका. बारशाला फोटोपुरतं घालायचं आणि बाळ झोपलं की काढून ठेवायचं. जाळीदार दुपटं किंवा हातमोजे करणार असाल तर थांबा. बोटं जाळीत अडकतात, आणि आतला सुटा धागा बोटाला आवळून बसला तर लवकर लक्षात येत नाही.

सूतगुंडी_सोलापूर

सगळ्यांचे खूप आभार. पहिल्या फेरीपर्यंत उसवलं, सहा फेऱ्या नव्यानं झाल्या, ७८ भरले आणि टेबलावर सपाट बसतंय. लाल सुतानं फडक्यावर डाग दिला, ते बाजूला ठेवलं.

शेवटचं विचारते. उरलेल्या पांढऱ्या सुताची कड आपल्या सोलापुरी टॉवेलला लावता येईल का? टॉवेलच्या कापडात क्रोशाची सुई शिरतच नाही.

पदर_काठ

येईल. आधी टॉवेल एकदा गरम पाण्यात धुऊन वाळवा, तो नंतर आकसला तर कड झोळ खाते. फुगीर फासांच्या भागात विणू नका, सुई फासांत अडकते. दोन्ही टोकांना सपाट विणलेला दुमडलेला काठ असतो, तिथेच.

क्रोशाची सुई कापडात घालायचीच नाही. मोठ्या नाकाच्या सुईत ३ पदरी सूत ओवून काठावर ब्लँकेट टाका (कडेवर आडवा धागा धरत जाणारा हातशिलाईचा टाका) घाला, ६ मिमीच्या अंतरानं, ५ मिमी खोल. खडूनं खुणा करून घ्या, अंतर चुकलं की कड ओढली जाते. आता १.७५ मिमीच्या सुईनं टाक्यांमधल्या प्रत्येक आडव्या धाग्याखाली २ मुके खांब. ७५ सेंटीमीटर रुंदीच्या टॉवेलला १२५ जागा, २५० मुके खांब होतात. शिंपल्यांच्या कडेला ६ च्या पटीत एक जास्त लागतो, म्हणून तीन जागी २ ऐवजी ३ घालून २५३ करा. दोन ज्यादा दोन टोकांना, एक मधोमध.

पुढची ओळ: १ मुका खांब, २ घरं सोडा, तिसऱ्यात ५ खांब, २ घरं सोडा, १ मुका खांब. असे ४२ शिंपले बसतात. शिंपले चुरगळल्यासारखे दिसले तर ५ ऐवजी ४ खांब घाला. कड आत ओढली गेली तर मुक्या खांबांची ओळ घट्ट झालीय, ती उसवून २ मिमीच्या सुईनं घ्या.